विज्ञान कादंबरी: कोणती डोळ्यांनी वाचावी, कोणती कानांनी ऐकावी

बेळगावहून कोल्हापूरला जाणाऱ्या बसमध्ये मी पहिल्यांदा एक संपूर्ण विज्ञान कादंबरी ऐकायला घेतली आणि तो बेत संकेश्वरातच मोडला. आयझॅक असिमॉव्ह यांची १९५१ साली पुस्तकरूपाने आलेली ‘फाउंडेशन’ मी निवडली होती. काकती मागे पडेपर्यंत कथा नीट उलगडत होती, हत्तरगीच्या टोलनाक्याजवळ तर ती चांगलीच रंगली होती. संकेश्वरच्या स्थानकात गाडी थांबली, शेजारच्या प्रवाशाने काहीतरी विचारले, मी उत्तर दिले, आणि पुन्हा लक्ष दिले तेव्हा ओळखीचे एकही पात्र कथेत उरले नव्हते. मोबाइलनेच एखादे प्रकरण गाळले असावे असे समजून मी मागे जाऊन पुन्हा ऐकले. पुन्हा तोच गोंधळ. घरी येऊन छापील प्रत उघडली तेव्हा उलगडा झाला, की त्या दोन भागांच्या मध्ये पन्नास वर्षे उलटून गेली होती. छापील पुस्तकात त्या ठिकाणी नवे पान असते, नव्या भागाचे शीर्षक असते, वर थोडी कोरी जागा असते. ऐकताना मात्र क्षणभराची शांतता आणि निवेदकाने उच्चारलेले शीर्षक एवढेच असते, आणि नेमके तेच माझ्या बोलण्यात बुडाले होते.

पुस्तकातील कोरी जागादेखील काहीतरी सांगत असते आणि ते सांगणे कानापर्यंत पोहोचत नाही, ही गोष्ट मला तेव्हा कळली. त्यानंतर कोणतीही विज्ञान कादंबरी हाती घेताना ती वाचायची की ऐकायची, हे मी आधी ठरवतो. ते कसे ठरवावे, ऐकायचे असल्यास तयारी काय करावी आणि शेवटी आपले मत कसे बनवावे, यासंबंधी माझ्या अनुभवास आलेल्या गोष्टी येथे मांडत आहे. मते माझी आहेत. ती पटावीतच असा आग्रह नाही.

ऐकण्यापूर्वी अनुक्रमणिका पाहावी

कादंबरी ऐकायचीच असली, तरी छापील प्रत दहा मिनिटांसाठी का होईना हातात घ्यावी. बेळगाव शहरात राहणाऱ्यांना गणपत गल्लीतील सार्वजनिक वाचनालय जवळ आहे; निपाणी, खानापूर किंवा चिकोडीकडील वाचकांना प्रत मिळणे थोडे अवघड जाते, परंतु ई-पुस्तकाचा विनामूल्य नमुना मोबाइलवर उघडला तरी हे काम भागते. तीन गोष्टी पाहायच्या असतात. कादंबरीचे भाग किती आहेत आणि ते कोणत्या काळात घडतात. शेवटी शब्दसूची, नकाशा किंवा परिशिष्ट आहे काय. आणि निवेदन एकाच व्यक्तीचे आहे की अनेकांचे.

फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ (१९६५) ही यातील दुसऱ्या मुद्द्याची ठळक साक्ष आहे. या कादंबरीच्या अखेरीस परिशिष्टे आणि शब्दसूची आहे, आणि वाचक दर चार पानांनी मागे जाऊन ती चाळतो, हे लेखकाने गृहीतच धरले आहे. सुमारे एकवीस तासांच्या ध्वनिमुद्रणात शब्दसूचीकडे वळण्याची सोय कुठून असणार? वाळवंटातील लोकांचे शब्द, घराण्यांची नावे आणि धार्मिक पंथांच्या उपाध्या यांची सांगड ऐकणाऱ्याला एकट्यानेच घालावी लागते. म्हणून ‘ड्यून’ आधी वाचावी आणि आवडलीच तर नंतर ऐकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्यांदा ऐकताना ती फार सुंदर वाटते, कारण वाळवंटाच्या वर्णनांना मुळातच एक लय आहे.

कानासाठी जन्मलेली कादंबरी कशी ओळखावी

माझी कसोटी साधी आहे. कादंबरीत कोणीतरी कोणालातरी गोष्ट सांगत असेल, तर ती बहुधा ऐकण्याजोगी असते. एच. जी. वेल्स यांची ‘द टाइम मशीन’ (१८९५) पाहा. कालप्रवासी आपल्या घरी जमलेल्या पाहुण्यांना जेवणानंतर स्वतःचा अनुभव सांगतो, आणि जवळजवळ सारी कादंबरी म्हणजे ते सांगणेच आहे. ती छोटी आहे, साधारण साडेतीन तासांत ऐकून होते, आणि लेखकाच्या निधनाला साठ वर्षांहून अधिक काळ लोटल्यामुळे भारतात तिच्यावर आता स्वामित्वहक्क नाही. लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर स्वयंसेवकांच्या आवाजातील तिचे इंग्रजी वाचन विनामूल्य मिळते.

मी ही कादंबरी एका पावसाळ्यात आजीसोबत ऐकली. आमच्याकडे जुलैमध्ये पाऊस लागला की वीज जाते आणि संध्याकाळ लांबते. बॅटरीवर चालणारा एक लहान स्पीकर मध्ये ठेवायचा, एक प्रकरण ऐकायचे, थांबवायचे आणि मी तेवढा भाग मराठीत सांगायचा, असा क्रम होता. आजीची सारी जडणघडण सांगली आकाशवाणीच्या श्रुतिकांवर झालेली, त्यामुळे ऐकून चित्र उभे करणे तिला माझ्यापेक्षा सहज जमत असे. कालप्रवासी सुदूर भविष्यात आठ दिवस काढून त्याच संध्याकाळी जेवायला येतो, हे सांगितल्यावर तिने विचारले, “आठ दिस ऱ्हाऊन आलाय म्हणतोस, मग ह्यांचं जेवण अजून निवलं न्हाई व्हय रे?” कालप्रवासाच्या कथेत दोन घड्याळे चालू असतात, एक प्रवाशाचे आणि एक घराचे, ही गोष्ट यापेक्षा नेमकी मला कोणी विचारलेली नाही. एकत्र ऐकण्याचा मोठा लाभ हाच आहे: कोणीतरी थांबवून प्रश्न विचारतो. एकट्याने ऐकताना आपण न समजलेले वाक्यही पुढे जाऊ देतो.

अँडी वीअर यांची ‘द मार्शियन’ हीदेखील कानाची कादंबरी आहे. मंगळावर एकटा राहिलेला अंतराळवीर आपली रोजची नोंद ठेवतो, आणि त्या नोंदी बोलल्यासारख्याच आहेत. लेखकाने हे प्रकरणवार आपल्या संकेतस्थळावर प्रथम प्रसिद्ध केले होते, त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पुढची ओढ लावलेली असते. बस थांबली की कथाही सोयीच्या जागी थांबते. येथे एक सूचना मात्र द्यावीशी वाटते. बटाटे किती, उष्मांक किती, पाणी किती लिटर, असे हिशेब या कादंबरीत पानोपानी येतात. ऐकताना प्रत्येक आकडा धरून ठेवण्याचा प्रयत्न करू नये. आकडे वाहून जाऊ द्यावेत आणि हिशेबाचा निकाल, म्हणजे अन्न किती दिवस पुरणार एवढेच, लक्षात ठेवावे. ज्याला हिशेब तपासण्यात रस आहे, त्याने ते प्रकरण नंतर कागदावर वाचावे. तो आनंद वेगळा आहे आणि धावत्या बसमध्ये तो मिळत नाही.

त्याच लेखकाच्या ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ (२०२१) या कादंबरीत तर छापील पुस्तकच कमी पडते. तिच्यातील एक पात्र स्वरांतून बोलते. पुस्तकात त्या जागी संगीताची चिन्हे छापलेली आहेत, तर रे पोर्टर यांनी वाचलेल्या ध्वनिमुद्रणात ते स्वर प्रत्यक्ष ऐकू येतात. मी दोन्ही केले, आणि ऐकणे सरस ठरले असे निःसंकोच म्हणेन.

डोळ्यांशिवाय भागत नाही अशा कादंबऱ्या

जिथे जागेचे चित्र डोळ्यांसमोर राहणे आवश्यक असते, तिथे कान थकतो. आर्थर क्लार्क यांच्या ‘राँदेव्हू विथ रामा’ (१९७३) या कादंबरीत सुमारे पन्नास किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर व्यासाचे एक दंडगोलाकार यान सूर्यमालेत येते. ते दर चार मिनिटांनी स्वतःभोवती एक फेरी घेते, आणि त्या फिरण्यामुळे आतल्या भिंतीवर वजन जाणवते. आत उभ्या राहिलेल्या माणसाला जमीन दोन्ही बाजूंनी वर चढत जाऊन डोक्यावर मिळालेली दिसते. हे ऐकून समजले असे वाटते, परंतु थोडे पुढे गेल्यावर कोण कुठे उभा आहे याचा पत्ता लागत नाही. यावर उपाय म्हणजे ऐकण्यापूर्वी वहीत एक नळकांडे काढावे, त्याच्या दोन टोकांना नावे द्यावीत आणि पात्रे जिथून आत शिरतात तिथे खूण करावी. अकरावीचे भौतिकशास्त्र आठवत असेल, तर फिरण्याच्या वेगावरून आतील गुरुत्व काढून पाहावे. बाहेरच्या भिंतीची जाडी सोडून आतील त्रिज्या आठ किलोमीटर धरली, तर ते पृथ्वीवरील गुरुत्वाच्या निम्म्याहून थोडे अधिक येते. कादंबरीतील माणसे मला पुठ्ठ्याची वाटतात, परंतु हे गणित जुळल्यावर त्या यानावर जो विश्वास बसतो, त्यापुढे माणसांची उणीव मी विसरतो.

उर्सुला ले गुईन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) ही कादंबरी वेगळ्या कारणाने डोळ्यांची आहे. तिच्यात मुख्य कथेच्या अधेमधे लोककथा, जुनी टिपणे आणि अहवाल येतात, आणि पान उलटताच मांडणीवरून ते ओळखता येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या ग्रहावरील माणसे कायमची स्त्री किंवा पुरुष नसतात. लेखिकेने त्यांच्यासाठी इंग्रजीतील पुल्लिंगी सर्वनाम वापरले, त्यावर पुढे टीका झाली आणि तिने स्वतःही त्या निवडीचा फेरविचार केला. इंग्रजीत हा प्रश्न सर्वनामापुरता राहतो. मराठीत सांगू लागलो की जवळजवळ प्रत्येक क्रियापदात तो उभा राहतो, कारण ‘गेला’ म्हणावे की ‘गेली’, हे ठरवल्याविना वाक्यच पुरे होत नाही. कन्नडमध्ये सांगणाऱ्याचीही तीच अडचण. आमच्या भागातील बायका मात्र स्वतःविषयी बोलताना ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे सहज म्हणतात, आणि पुण्यामुंबईचे पाहुणे त्याला हसतात. ही कादंबरी मराठीत आणायची झाल्यास अनुवादकाने आधी चार दिवस बेळगावात राहावे, असे मला गमतीने, पण काहीसे खरेही, वाटते.

अपरिचित नावांचा प्रश्न सर्वच भाषांतरित कादंबऱ्यांत येतो. लिऊ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ इंग्रजीतून ऐकताना चिनी नावे पहिला तासभर सारखीच वाटली. त्यावर उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे प्रत्येक नाव ऐकताच देवनागरीत लिहून ठेवणे आणि पुढे एका शब्दात ओळख देणे: ‘ये वेन्जिए, खगोलशास्त्रज्ञ’, ‘शी छियांग, पोलीस’. रोमन अक्षरांतील नाव पाहून उच्चार आठवत नाही. देवनागरीत लिहिलेले मात्र जसे ऐकले तसेच परत वाचता येते.

वेळ, वेग आणि निवेदक

इंग्रजी निवेदक तासाला साधारण नऊ हजार शब्द वाचतो असे धरल्यास एक लाख शब्दांची कादंबरी अकरा तासांची होते. बेळगाव ते कोल्हापूर हा प्रवास अडीच तासांचा मानला, तर दोनदा जाऊन येण्याइतका हा ऐवज आहे. वेग सव्वापट केला की तीच कादंबरी पावणेनऊ तासांच्या आसपास येते. मी नव्या जगाची ओळख होत असताना, म्हणजे पहिला तासभर, मूळ वेगच ठेवतो. पुढे पाठलाग आणि संवाद सुरू झाले की सव्वापट चालते. दीडपटीने ऐकून कादंबरी संपवता येते, ती लक्षात राहत नाही.

घरून निघण्यापूर्वी ध्वनिफीत मोबाइलमध्ये उतरवून घ्यावी. मध्यम दर्जाच्या मुद्रणाला तासाला सुमारे तीस मेगाबाइट जागा लागते, म्हणजे अकरा तासांची कादंबरी साडेतीनशेच्या आत बसते. जांबोटीच्या पुढे चोर्ला घाटात किंवा लोंढ्याच्या जंगलात शिरल्यावर रेंजची आशा धरू नये.

निवेदकाची पारख करण्यासाठी नमुन्याची पाच मिनिटे ऐकावीत, आणि शक्य असल्यास त्यात दोन पात्रांचा संवाद असावा. मराठी निवेदनात मी आणखी एक गोष्ट तपासतो: शास्त्रीय शब्द आला की निवेदक अडखळतो काय? ‘प्रकाशवर्ष’ हा शब्द घाईने उच्चारला गेला, तर कानाला शेवटचे ‘वर्ष’ तेवढे ऐकू येते आणि मनात काळाचा हिशेब सुरू होतो. वस्तुतः ते अंतर आहे, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. आमच्या सीमाभागात तर एकाच घरात शब्दाची तीन रूपे नांदतात. इंग्रजी माध्यमात शिकणारी मुलगी ‘ब्लॅक होल’ म्हणते, तिचे वडील ‘कृष्णविवर’ म्हणतात आणि शेजारच्या कन्नड शाळेतील मित्र ‘कप्पु कुळि’ म्हणतो. ऐकायला बसण्यापूर्वी अशा चारपाच शब्दांची जुळणी करून घेतली, तर मुलांसोबत ऐकणे सोपे जाते.

अनेक आवाजांत नाट्यरूपाने केलेली मुद्रणे आकर्षक असतात, परंतु ती मूळ कादंबरी आहे की रूपांतर, हे आधी पाहावे. वेल्स यांच्याच ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’चे ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत जे रेडिओ नाट्य झाले, ते बातमीपत्राच्या थाटात सादर केले होते, आणि काही श्रोत्यांना ते खरे वाटले. घबराटीचे वर्णन वर्तमानपत्रांनी पुष्कळ फुगवले, हेही आता मान्य झाले आहे. ते नाट्य ऐकून कादंबरीविषयी मत देणे अन्यायाचे होईल, कारण कादंबरीतील शांत, मागे वळून पाहणारा निवेदक त्या थाटात पार पुसला जातो.

मराठीतून सुरुवात करणाऱ्यांसाठी

मराठीत प्रथम ऐकायचे किंवा मोठ्याने वाचायचे असेल, तर कादंबरीऐवजी कथेपासून आरंभ करावा. जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथा एका बैठकीत संपतात, आणि अशा बहुतेक कथांचा डोलारा एकाच शास्त्रीय गृहीतकावर उभा असल्यामुळे धागा सुटत नाही. लहान मुलांसाठी भा. रा. भागवत यांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मोठ्याने वाचून दाखवाव्यात. त्यांचे मराठी जिभेवर खेळते. कादंबरीकडे वळताना नारळीकरांची ‘वामन परत न आला’ घ्यावी. लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीची पेटी खोदकामात सापडते आणि त्या माहितीच्या आधारे यंत्रमानव घडवला जातो, हे तिचे सूत्र आज यंत्रबुद्धीच्या चर्चेत अधिकच जवळचे वाटते. पुस्तके विकत घ्यायची असल्यास हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर येथे भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनांतील विक्रीकक्ष चुकवू नयेत. विज्ञानकथांचे जुने संग्रह मला तिथेच अनेकदा मिळाले आहेत.

मत कसे नोंदवावे

कादंबरी संपताच मत लिहू नये. दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मग पुस्तक न उघडता जे आठवते तेवढेच लिहावे. आधी गृहीतक एका वाक्यात मांडावे: ‘असे झाले तर काय होईल?’ यातील ‘असे’ म्हणजे नेमके काय? ते एका वाक्यात बसत नसेल, तर बहुधा कादंबरीच विस्कळीत आहे, किंवा आपण ऐकताना कुठेतरी डुलकी घेतली आहे.

विज्ञानातील चुकीवर बोट ठेवताना थोडी उदारता असावी. ‘द मार्शियन’चा आरंभ ज्या वादळाने होतो, ते मंगळावर तितक्या जोराचे असूच शकत नाही, कारण तेथील हवेचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही नाही. लेखकानेही हे मान्य केले आहे. कथा सुरू करण्यासाठी घेतलेली एक सवलत मी माफ करतो; शेवट जुळवण्यासाठी घेतलेली सवलत मात्र करत नाही. नायक संकटात सापडावा म्हणून नियम वाकवणे आणि तो सुटावा म्हणून वाकवणे यांत मला मोठा फरक वाटतो.

निवेदकाविषयीची तक्रार आणि कादंबरीविषयीची तक्रार वेगवेगळ्या ओळींत लिहावी. ‘कंटाळा आला’ असे वाटले, तर त्याच प्रकरणाची पाच पाने डोळ्यांनी वाचून पाहावीत. कित्येकदा कंटाळा आवाजाचा असतो. तसेच लेखकाच्या नावाचे दडपणही बाजूला ठेवावे. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतलेल्या ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, आपल्या ख्यातीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून. आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. आपणही वहीत आधी मत लिहावे आणि लेखकाचे नाव त्याखाली, हा क्रम पाळावा. असिमॉव्ह यांची पात्रे खोलीत बसून फार बोलतात आणि त्यांच्यात भावनेचा ओलावा कमी आहे, हे मी बरीच वर्षे कोणाला सांगितले नव्हते, कारण नाव मोठे होते.

चारसहा वाचकांनी मिळून एकच कादंबरी घेतली, तर काहींनी ती वाचलेली असते आणि काहींनी ऐकलेली. अशा बैठकीत पृष्ठक्रमांक सांगून उपयोग होत नाही, कारण ऐकणाऱ्याकडे पाने नसतात. आणि ‘चौथ्या तासाला’ असे म्हटले, तर वाचणारा गोंधळतो. प्रकरणाचा क्रमांक तेवढा दोघांकडे समान असतो. तो लिहून ठेवण्याची सवय पहिल्या प्रकरणापासूनच लावावी, आणि ध्वनिमुद्रणातील पहिला तुकडा प्रस्तावनेचा असेल, तर क्रमांक एकाने पुढे सरकतो, हे विसरू नये.